बोटमामाच्या धबधब्यांची डबी

मित्रांनो, आधी एक डोळा मिटा. कुठलाही मिटा, पण घट्ट मिटा. दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्यात बघणाऱ्यांना धड काहीच दिसत नाही आणि मग ते उगाच मला नावं ठेवतात.

हं, आता ऐका. मी एक जुनी डबी आहे. डबी म्हटल्यावर तुमच्यापुढे गोळ्यांची नाहीतर टाचण्यांची डबी आली असेल, पण मी त्यातली नव्हे. मी स्लाइड बघायची डबी. स्लाइड म्हणजे फोटोच्या फिल्मचा चौकोनी तुकडा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला. तो माझ्या डोक्यावरच्या फटीतून आत सोडायचा, माझी मागची दुधी काच उजेडाकडे धरायची आणि पुढच्या भिंगाला डोळा लावायचा. एवढंसं चित्र एकदम खिडकीएवढं होतं आणि बघणारा "अरे वा!" म्हणतो. निदान पूर्वी तरी म्हणायचा.

माझा जन्म कारखान्यातला. काळं प्लॅस्टिक साच्यात ओतून माझं अंग झालं. भिंग बसवणारी बाई मोठी काटेकोर होती. तिने भिंगावर फुंकर मारली, मऊ फडक्याने ते पुसलं आणि मला डोळ्याला लावलं. मी पाहिलेला पहिला डोळा तो. माझ्या बाजूने माणूस दिसतो तो एवढाच, एक डोळा आणि थोडी भुवई. बाकी माणूस कसा असेल याचा मी अंदाज बांधत बसते. माझा स्वभाव त्यामुळेच चौकस झाला. कोणाचा डोळा कशाने मोठा होतो आणि कशाने भरून येतो, याची मला फार उत्सुकता.

बंदराजवळच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात बसून होते. एक दिवस एका तरुणाने मला उचललं. त्याच्या बोटांच्या रेषांमध्ये इंजिनाचं काळं तेल मुरलेलं होतं. तो बोटीच्या तळाशी, इंजिनाच्या खोलीत कामाला होता. त्याने मला एकदाच डोळ्याला लावलं, "ताईला आवडेल" असं म्हणाला आणि खोक्यात बंद केलं. ते खोकं उघडलं ते थेट त्याच्या ताईच्या घरी. मधल्या काळात काय झालं ते मला विचारू नका, मी अंधारात होते.

ही ताई म्हणजे गल्लीची टेलरमावशी. रस्त्याकडच्या खोलीत तिचं शिवणयंत्र, त्याच्यामागे कापडांचे गठ्ठे, कोपऱ्यात ट्रायलसाठी एक पडदा, आणि आतल्या खोलीत संसार. नवरा लवकर गेलेला, पदरात एक लेक. भाऊ धाकटा. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून मावशी त्याला ढब्बू म्हणायची. लेक त्याला मामा म्हणायची आणि तिचं ऐकून सगळी गल्ली त्याला बोटमामा म्हणायला लागली.

ढब्बू पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा त्याने विचारलं होतं, "ताई, येताना काय आणू?" तेव्हा गल्लीत सगळ्यांना मिळून एकच नळ होता आणि त्याला करंगळीएवढी धार यायची. मावशी बादली लावून परत आलेली, दमलेली. ती म्हणाली, "पडणारं पाणी आण. ज्याच्याखाली बादली लावावी लागत नाही असं. मला ते पोटभर बघायचंय, बस्स." हे तिने मला नंतर कितीदा तरी बघता बघता सांगितलं. म्हणजे मला नाही, समोरच्या गिऱ्हाइकाला. पण ऐकत मीही होते.

ढब्बूने माझ्याबरोबर एक स्लाइड आणली होती. पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मावशीचं बुबुळ इतकं मोठं झालं की माझ्या काचेत दुसरं काही मावेना. माझ्या पोटात एका लांबलचक नदीचा काठच्या काठ तुटून खाली कोसळत होता आणि वर ढगासारखा फवारा उठला होता.

"ढब्बू, तू भिजलास का रे?" मावशीने विचारलं.

तो आधी खाकरला. मग म्हणाला, "भिजलो म्हणजे काय! चिंब! बनियनसुद्धा पिळावा लागला."

त्यानंतर तो दर सुट्टीला येताना एकेक धबधबा घेऊन आला. मित्रांनो, जगात किती तऱ्हांनी पाणी पडतं याची तुम्हाला कल्पना नसेल. मावशीला त्यांची परदेशी नावं काही जिभेवर बसेनात. तिने आपल्या कामातली नावं दिली. दोन देशांच्या मधोमध असलेला, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, त्याचं नाव गळपट्टी. एका सपाट माथ्याच्या डोंगरावरून पडणारा जगातला सगळ्यांत उंच धबधबा, ज्याचं पाणी खाली पोचेपर्यंत वाटेतच धुकं होतं, तो सुटला दोरा. थंडीच्या देशातला, ज्याच्या पाठीमागे कडा आत गेलाय आणि पाण्याच्या मागून चालत जाता येतं, तो अर्थातच ट्रायलचा पडदा. पहिला आलेला, ज्याचा फवारा कित्येक कोसांवरून दिसतो आणि आवाज ढगांच्या गडगडाटासारखा येतो, तो वाफारा. इस्त्रीच्या वाफेवरून.

आणि झालर. झालर सगळ्यांची लाडकी. घनदाट जंगलात अर्ध्या वर्तुळात मांडलेले शेकडो छोटेमोठे धबधबे, अगदी फ्रॉकच्या घेराला चुण्या घालून लावल्यासारखे. चित्राच्या उजव्या बाजूला एक काळा खडक पुढे आलेला आणि त्यावर एकच वाकडं झाड. बोटमामाने ती स्लाइड स्वतःच्या हाताने माझ्यात सरकवली आणि सांगितलं, "हा उजवीकडचा खडक दिसतोय ना, तिथे उभा होतो मी. वारा असा सुटला की टोपी उडाली आणि गेली खाली." मावशीने लगेच चौकटीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ मारली. लाल गाठ डोळ्याकडे यायला हवी, म्हणजे कोणी स्लाइड उलटी घालणार नाही. काम कसं चोख!

माझ्यात एका वेळी एकच डोळा मावतो. बाकीचे ताटकळत बसायचे आणि "मला दे, मला दे" असा गलका करायचे. म्हणून मावशीने दुकानात नियम केला होता की जो बघेल त्याने मोठ्याने सांगायचं, म्हणजे इतरांनाही ऐकून बघता येईल. ब्लाउज शिवायला टाकलेल्या बायका, शाळेचा गणवेश घ्यायला आलेली पोरं, कुणाकुणाचे आजोबा, सगळे एक डोळा मिटून बोलायला लागायचे. न्हाव्याने एकदा सुटला दोरा बघितला आणि म्हणाला, "हा कुणी विंचरायला हवा." पेढीवरच्या एका बाईंनी पडदा बघून सांगितलं की आपल्याला त्याच्यामागे जाऊन चार तास एकटं बसायचंय आणि घरच्यांना पत्ता द्यायचा नाही. खोलीभर हशा पिकला. ते माझे सोन्याचे दिवस होते. माझ्यासाठी एक छोटी मखमली पिशवी शिवली होती मावशीने, आता बोला!

बोटमामा सुट्टीवर असला की मग विचारूच नका. त्याच्या गोष्टींना तेव्हा मोठी भरती यायची. वाफाऱ्याच्या काठी माकडाने त्याचा पाव पळवला. गळपट्टीच्या खाली छोट्या बोटीतून जाताना इतकं पाणी उडालं की शेजारच्या माणसाच्या मिशा सरळ झाल्या. लोक पोट धरून हसायचे आणि मावशी यंत्र चालवता चालवता भावाकडे बघायची. तिचा डोळा तेव्हा भिंगात नसायचा, पण आवाजावरून मला कळायचं की ती कौतुकाने नुसती फुगलीय.

याच गल्लीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. जगातली गावं त्यांना तोंडपाठ, कारण आयुष्यभर पत्त्यांशीच गाठ. एकदा ते पँट आखूड करायला घेऊन आले, मला डोळ्याला लावलं, झालर बघितली आणि नियमाप्रमाणे मोठ्याने बोलले. पण जे बोलले ते असं :

"छान आहे. पण ताई, हा धबधबा समुद्रापासून फार आत आहे हो. बंदरातून रेल्वेने जायचं तर जाऊन यायलाच काही दिवस मोडतील. तुमचा भाऊ इंजिनाच्या खोलीत. त्याला एवढी सवड देतं कोण? आणि असल्या स्लाइडी बंदरावरच्या दुकानात विकायला असतात. मी आपलं सहज म्हणतोय."

खोलीत कोणी हसलं नाही. मावशीचं यंत्र मात्र थांबलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची पँट पुढच्या आठवड्यात मिळेल."

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात. बिचारे मास्तर कितीतरी दिवस पँटचे पाय दुमडून फिरत होते. लोकांना मजा वाटली. मला नाही वाटली, कारण त्या दिवसापासून मावशीचा डोळा बदलला. आधी ती धबधबा बघायची. आता ती झालरीतला तो काळा खडक बघायची. एकदा बघायची, दोनदा बघायची, जणू त्यावर कोणाच्या पायाचे ठसे दिसतायत का ते शोधतेय. तिला खात्री हवी होती की तिचा ढब्बू तिथे खरंच उभा होता. तिने भर गल्लीत त्याच्यासाठी मान ताठ ठेवली होती. सरळ भावालाच विचारायचं ना? पण विचारायला जीव धजत नव्हता. विचारलं आणि त्याने मान खाली घातली तर?

आता मला विचाराल, तुला तरी ठाऊक होतं का? नव्हतं हो. मी घरी बसलेली आणि तो लांब समुद्रात. मलाही तीच रुखरुख लागली.

पुढे काळ बदलला. घरात टीव्ही आला, मग पोराटोरांच्या हातात मोबाईल आले. मोबाईलमध्ये धबधबा आवाजासकट पडतो म्हणे, आणि एक डोळा मिटावा लागत नाही. माझी मखमली पिशवी कोणीतरी चष्म्यासाठी घेतली. मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. तिथे हुक होते, तुटक्या चेनी होत्या, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं एक अंगुस्तान होतं. संगत वाईट नव्हती, पण बोलायला कोणाला काही विषयच नाही. डब्याचं झाकण उघडलं की वाटायचं, आली माझी पाळी, आणि बोटं चार काळी बटणं घेऊन निघून जायची. मित्रांनो, तुटलं-फुटलं म्हणून टाकून दिलं तर समजू शकते. धडधाकट असून कोणी हात लावत नाही, हे फार लागतं.

मावशीचे केस पिकले. बोटमामा निवृत्त होऊन तिच्याच घरी वरच्या खोलीत राहायला आला. लेक नर्स झाली आणि दूरदेशीच्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरीला लागली. एके दिवशी तिचा फोन आला. तिचा आवाज डब्यातसुद्धा ऐकू येत होता, इतकी ती ओरडत होती.

"आई, माझी बदली झालीय. आणि इथून झालर एका दिवसाच्या बसवर आहे! आपली झालर गं! तू आणि मामा, दोघांनी यायचंच. काही ऐकणार नाही मी."

डब्याचं झाकण उघडलं. मावशीची बोटं बटणं बाजूला सारत सारत माझ्यापर्यंत पोचली. किती दिवसांनी! तिने मला पदराने पुसलं, लाल गाठीची स्लाइड शोधून माझ्यात घातली आणि दोघांना मिळून पर्समध्ये ठेवलं.

बोटमामाचं मात्र भलतंच सुरू झालं. आधी त्याचे गुडघे दुखायला लागले. मग रक्तदाब वाढला. मग तो म्हणाला, "अगं, मी बघितलंय ते. तुम्ही मायलेकी जा. मी घर सांभाळतो."

"घराला काय पाय फुटलेत?" मावशी म्हणाली. "चल मुकाट्याने. तुझा खडक दाखव मला. तिथे आपला दोघांचा फोटो काढायचाय."

तिने हे हसत सांगितलं. पण पर्सची चेन तिने दोनदा लावली आणि दोनदा उघडली, ते मला आतून जाणवलं. आता काय ते कळणार होतं आणि तिला कळायला हवंही होतं आणि नकोही होतं.

विमानाचं आणि बसचं मी काही सांगू शकत नाही, मी पर्समध्ये होते. पण बस थांबली, दार उघडलं आणि तो आवाज आला. बाप रे! मित्रांनो, इतकी वर्षं माझ्या पोटात धबधबे होते, पण आवाज माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता. जमिनीच्या आतून कोणी तरी सतत काहीतरी ओढत नेतंय असा तो आवाज. पर्समधली नाणीसुद्धा किणकिणत होती. मी अगदी अधीर झाले.

फाटकाशी सगळ्यांनी ते कडकड वाजणारे पातळ रेनकोट घातले. मावशीने रुमालासाठी उघडलेली पर्स तशीच उघडी राहिली, म्हणून पुढचं मला फटीतून दिसलं. थोडं चालल्यावर रस्त्याला दोन फाटे फुटले. झाडीमुळे धबधबा अजून दिसत नव्हता.

"मामा, तुझा खडक कुठल्या बाजूला?" लेकीने विचारलं.

"उजवीकडे!" बोटमामा म्हणाला. क्षणाचाही विचार केला नाही त्याने. "चला, डोळे मिटून नेतो."

आणि तो पुढे झाला. खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. इतक्या ठामपणे बोलतोय म्हणजे हा नक्कीच इथे येऊन गेलाय! मावशीची पावलंही भराभर पडायला लागली. ती लेकीला म्हणालीसुद्धा, "बघ, मी सांगत नव्हते?"

उजवीकडची वाट कठड्याच्या कडेकडेने लांबवर गेली. शेवटी एक गज लावलेला सज्जा होता, एक बंद पडलेली चहाची टपरी आणि खाली झुडपं. काळा खडक नव्हता. वाकडं झाड तर नव्हतंच. समोर मात्र झाडी संपलेली आणि अख्खी झालर उलगडलेली. लेक तर "आई गं!" म्हणून जागच्या जागी उभी राहिली.

मावशी धबधब्याकडे बघत नव्हती. ती खडक शोधत होती. आणि तो सापडला. पार पलीकडे, डाव्या टोकाला, पुढे आलेला काळा खडक आणि त्यावर वाकडं झाड, आता बरंच जाड झालेलं.

"ढब्बू, खडक तर तिकडे आहे."

बोटमामाची पाचावर धारण बसली. "हलवला असेल," तो म्हणाला.

"हलवला? खडक? कपाट आहे का ते?"

लेक फिस्सकन हसली. पण मावशी हसली नाही. तिने पर्समध्ये हात घालून मला बाहेर काढलं, उजेडाकडे धरलं आणि डोळ्याला लावलं. चित्रात खडक उजवीकडे. मला खाली करून समोर बघितलं, खडक डावीकडे. पुन्हा मला डोळ्याला लावलं. मग तिचा हात थांबला. आयुष्यभर कापडाची उलट-सुलट बाजू ओळखत आलेली बाई ती. तिने स्लाइड बाहेर ओढली, फिरवली, लाल गाठ पलीकडे गेली, आणि ती पुन्हा आत सोडली. माझ्या पोटातली झालर आणि समोरची झालर रेघेला रेघ जुळली.

इतकी वर्षं ती स्लाइड माझ्यात पाठमोरी बसलेली होती! बोटमामाने पहिल्या दिवशी चुकून तशी घातली आणि मावशीने त्याच बाजूला गाठ मारली. गल्लीतल्या सगळ्यांनी उलटी झालर बघितली. त्यात काय बिघडलं? काहीच नाही. बिघडलं ते एवढंच की जो माणूस या खडकावर स्वतःच्या पायांनी उभा राहिला असता, त्याला तो डावीकडे आठवला असता. उजवीकडे तो फक्त माझ्यात होता.

मावशीने मला कठड्यावर ठेवलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"ढब्बू, तू इथे कधी आला होतास?"

त्याने रेनकोटाची टोपी सारखी केली. मग पुन्हा सारखी केली.

"नव्हतो आलो, ताई."

"आणि वाफाऱ्याला? गळपट्टीला?"

"कुठेच नाही."

मग मावशी कडाडली. "माकडाने पाव पळवला म्हणे! मिशा सरळ झाल्या म्हणे! अरे, तुझ्यापायी मी मास्तरांना दुमडलेल्या पँटीत फिरवलं! गल्लीत कोणाला बोलू दिलं नाही तुझ्याबद्दल! आणि तू मला तोंडावर थापा मारत होतास? मला? बहिणीला?" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. भाषा कळत नसली तरी भांडण सगळ्यांना कळतं. लेक म्हणाली, "आई, हळू," तर मावशीने तिलाही गप्प बसवलं.

बोटमामा कठड्याला पाठ टेकून उभा होता. तोंडावर तुषार होते की काय होतं, मला कठड्यावरून नीट दिसलं नाही.

"बोट बंदराला लागायची आणि इंजिन उघडायची वेळ तीच," तो म्हणाला. "सगळे उतरायचे तेव्हा आम्ही आत. मला मिळायचे एकदोन तास. तेवढ्यात धक्क्यावरच्या दुकानात जाता यायचं, बस्स. तू म्हणाली होतीस पडणारं पाणी आण. पहिल्या खेपेला दुकानदाराने ही डबी दाखवली, स्लाइड दाखवली. मी तुला खरं तेच सांगणार होतो गं. विकत आणलंय म्हणून. पण तू डोळा लावलास आणि विचारलंस, भिजलास का. आणि तुझा चेहरा असा झाला होता की... माझ्याच्याने नाही म्हणवेना. मग पुढच्या वेळी तू वाट बघत होतीस. मग सगळेच वाट बघायला लागले."

मावशीने कठड्यावरचे थेंब हाताने निपटले. पाणी पडत होतं. मग तिने विचारलं, "म्हणजे तू पण नाही बघितलास? एकही?"

"बोटीच्या तळाला खिडकी नसते, ताई. मी तर समुद्रसुद्धा धड बघितला नाही."

आणि मित्रांनो, मला वाटलं होतं आता ती पुन्हा चिडणार. पण ती रडायला लागली. चारचौघांत, हुंदके देऊन.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी त्या यंत्राला जुंपलेली, मला काही दिसणार नाही. नाही तर नाही. पण आपल्या दोघांतलं एक तरी बघून आलंय. त्याच समाधानावर काढली रे मी सगळी वर्षं. कधी कधी तर तुझा हेवा वाटायचा मला. आणि तू मेल्या, तळाशी बसून होतास?"

त्याने मान खाली घातली. तिला ज्या गोष्टीची इतकी वर्षं धास्ती होती ती समोर घडत होती, पण तिचं आता तिकडे लक्षच नव्हतं. तिने नाक पुसलं, पुढे झाली आणि त्याचे दोन्ही खांदे धरले.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस? फिर मागे. बघ."

इतका वेळ बोटमामा धबधब्याकडे पाठ करूनच उभा होता. मावशीने त्याला हाताने धरून वळवलं, लहान पोराला वळवतात तसं. तो बघत राहिला. आयुष्यभर धबधब्यांच्या गोष्टी सांगणारा माणूस तो, आज पहिल्यांदा धबधबा बघत होता. अख्ख्या काठावरून पाणी येत होतं आणि जात होतं, मागून नवीन येत होतं, तेही जात होतं. मग तो अगदी हळू बोलला.

"ताई, हे थांबतच नाही गं."

"नाही ना," मावशी म्हणाली आणि तिने त्याच्या हातात हात अडकवला.

त्या दिवशी दोघं शेवटच्या बसपर्यंत तिथून हलली नाहीत. लेकीने चहा आणला, तो त्यांच्या हातात गार झाला. मला कोणी डोळ्याला लावलं नाही. मी कठड्यावर पडून होते आणि माझ्यावर तुषार बसत होते. माझं भिंग ओलं झालं, फटीतून पाणी आत गेलं, स्लाइडचा पुठ्ठा फुगला. एरवी ओल म्हणजे माझ्या जातीचं मरणच, पण मला जराही वाईट वाटलं नाही. मी आपली त्या दोघांच्या पाठीकडे बघत होते. डोळ्याखेरीज माणसाचं दुसरं काही इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं.

मित्रांनो, आता माझ्या भिंगात बुरशीचा एक डाग आहे आणि चित्र धुरकट दिसतं. माझ्यासारख्या जुन्या वस्तू ओल्यात ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसत जा, अधूनमधून उजेडाला धरत जा, हे तर मी सांगणारच. आणि धबधबे बघायला जरूर जा. कुठलाही चालेल, तुमच्या जवळचा लहानसा का असेना. तिथे कागद-पिशव्या टाकू नका आणि कठड्याच्या पलीकडे पाय टाकू नका. पण माझी खरी विनंती वेगळीच आहे. तुमच्या घरात असं कोणी तरी असेल जे तुमच्यासाठी लांबून काहीबाही आणतं, तुम्हाला गोष्टी सांगतं, तुम्ही हसलात की खूश होतं. त्याला एकदा जवळ बसवून विचारा, तू स्वतः हे बघितलंस का? तो नाही म्हणाला तर त्याच्यावर रागवा, हवं तर चांगलं भांडा. पण भांडून झालं की त्याचा हात धरा आणि त्याला घेऊन जा.